आपल्या गटाचा कॅमेरा : बटण दाबण्याआधी एवढं वाचा



महासंघाचा कॅमेरा आता कार्यालयाच्या कपाटात न राहता पाळीपाळीने गावोगावच्या गटांकडे जाणार आहे. तेव्हापासून सहयोगिनींना एकच प्रश्न विचारला जातोय, "ताई, आम्हाला जमेल का? बिघडला तर?" म्हणून या अंकात कॅमेऱ्याची सगळी माहिती एका ठिकाणी देत आहोत. लेख मोठा आहे. एका दमात वाचायची गरज नाही. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा, दुसरीने कॅमेरा हातात घेऊन तसं तसं करून बघावं.

गटाच्या कामाला फोटो लागतोच. श्रेणीकरणाच्या वेळी इतिवृत्ताच्या वहीसोबत बैठकीचे फोटो दाखवता येतात. गाईचा विमा काढताना कानातला बिल्ला दिसेल असा फोटो मागतात. बंधाऱ्याचं, शोषखड्ड्याचं काम आधी कसं होतं आणि नंतर कसं झालं, हे फोटोशिवाय कोणाला पटवणार? आतापर्यंत आपण तालुक्याहून फोटोग्राफर बोलवायचो, नाहीतर कुणाच्या तरी मुलाच्या हातापाया पडायचो. तो त्याच्या सवडीने यायचा आणि त्याला वाटेल त्याचा फोटो काढायचा. पाहुण्यांच्या हाराचे दहा फोटो आणि वर्षभर हिशेब लिहिणाऱ्या बाईचा एकही नाही, असं पुष्कळदा होतं. कॅमेरा आपल्या हातात आला की काय दाखवायचं हे आपण ठरवणार. म्हणून तो शिकायचा.

एक रोल, ३६ फोटो

रोल नसलेले डिजिटल कॅमेरेही असतात. आपला कॅमेरा रोलचा आहे. रोलवर साधारण ३६ फोटो निघतात (२४ चा रोलही मिळतो). काढलेला फोटो लगेच दिसत नाही आणि पुसताही येत नाही. रोल संपून धुऊन येईपर्यंत चांगला आला की वाईट, ते कळत नाही.

रोल, धुलाई आणि सगळे प्रिंट धरले तर एका रोलमागे बराच पैसा जातो.  तेव्हा प्रत्येक वेळी बटण दाबताना पैसे खर्च होताहेत, हे ध्यानात ठेवा. घाबरू मात्र नका. कर्ज देण्याआधी आपण चार प्रश्न विचारतो ना, तसेच बटण दाबण्याआधी चार गोष्टी बघायच्या, एवढंच.

कॅमेऱ्याची ओळख

कॅमेरा हातात घ्या आणि एकेक भाग बोटाने दाखवत चला.

समोर मधोमध गोल काच आहे ती लेन्स. कॅमेरा चालू केला की तिच्यावरचं झाकण आपोआप सरकतं आणि लेन्स थोडी बाहेर येते. तिला हाताने ओढू किंवा दाबू नका. वरच्या कोपऱ्यात चौकोनी काच आहे तो फ्लॅश. लेन्सच्या वर एक-दोन बारीक खिडक्या असतात. समोरचा माणूस किती लांब आहे हे कॅमेरा त्यांतून मोजतो.

वर मोठं बटण आहे ते फोटो काढायचं. झूमच्या बटणाच्या एका टोकाला इंग्रजी डब्ल्यू आणि दुसऱ्या टोकाला टी असतं. इंग्रजी येत नसेल तरी अडत नाही. दोन दऱ्या शेजारी शेजारी असाव्यात तसं दिसतं ते डब्ल्यू. खांबावर आडवी फळी ठेवल्यासारखं दिसतं ते टी. डब्ल्यूकडे दाबलं की जास्त जागा मावते, टीकडे दाबलं की लांबचं जवळ दिसतं.

मागे डोळा लावायची छोटी खिडकी आहे. तिच्याशेजारी बारीक दिवे लागतात. छोट्या पडद्यावर किती फोटो झाले तो आकडा आणि बॅटरीचं चित्र दिसतं. मागच्या झाकणातही एक लांबट काच असते. तिच्यातून आत रोल आहे की नाही ते कळतं. आत रोल दिसत असेल तर मागचं झाकण कधीही उघडायचं नाही. उजेड लागला की काढलेले फोटो जळतात. मुलाबाळांच्या हातात कॅमेरा जाऊ द्यायचा नाही तो याचसाठी.

रोल कसा भरायचा

रोल घेताना खोक्यावरची मुदतीची तारीख बघा. दुकानदार विचारतो, "शंभरचा देऊ की चारशेचा?" हा आकडा रोलच्या तेजपणाचा आहे. उन्हातल्या कामाला १०० चा पुरतो. घरातल्या, संध्याकाळच्या बैठकांना ४०० चा बरा, कारण तो कमी उजेडातही चालतो आणि फ्लॅशची पोच वाढवतो. दोन्हीकडे वापरायचा असेल तर २०० चा घ्या. रोलच्या डबीवर काळे-चंदेरी चौकोन असतात. ते वाचून कॅमेरा स्वतःच समजून घेतो की कोणता रोल आहे.

आता पायऱ्या बघा.

१. सावलीत बसा. उन्हात रोल भरायचा नाही आणि काढायचाही नाही.

२. मागचं झाकण उघडा. आत लेन्सच्या मागे जो भाग दिसतो त्याला बोट लावू नका.

३. कप्प्यात दाखवलेल्या चित्राप्रमाणे डबी बसवा. ती नीट खाली बसली पाहिजे.

४. डबीतून बाहेर आलेली फिल्मची जीभ धरून दुसऱ्या टोकाच्या खुणेपर्यंत ओढा. खूण बहुधा लाल किंवा नारिंगी असते. खुणेच्या अलीकडे राहिली तर फिल्म पकडली जात नाही. फार पुढे गेली तर चुणी पडते. जास्त ओढली गेलीच तर डबीत हलकेच परत सारा.

५. फिल्म सपाट आहे आणि कडेची भोकं दात्यांवर बसलीत, हे बघून झाकण लावा. 'टक्' आवाज आला पाहिजे.

६. आतली मोटार घुर्रर्र करते आणि पडद्यावर १ येतो. काही कॅमेरे आधी सगळी फिल्म गुंडाळून घेतात आणि आकडा ३६ पासून खाली उतरतो. दोन्ही बरोबरच. मात्र आकडा न येता चिन्ह लुकलुकत राहिलं तर फिल्म पकडली गेलेली नाही. झाकण उघडा आणि परत बसवा. रोल नीट न पकडता कार्यक्रमभर फोटो काढत राहिलं, तर शेवटी हातात कोरा रोल येतो.

तारीख आधी बरोबर करा

फोटोवर तारीख उमटवायची सोय असेल तर ती आधी तपासा. बॅटरी बदलली की तारीख बिघडू शकते. शोषखड्डा या वर्षी खणला आणि फोटोवर तीन वर्षांपूर्वीची तारीख आली, तर तो पुरावा आपल्याच अंगावर येतो. तारखेचे आकडे फोटोच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात नारिंगी रंगात येतात. तिथे पांढरं लुगडं किंवा चुन्याची भिंत आली की आकडे वाचता येत नाहीत. कोपऱ्यात जरा गडद काहीतरी राहील असं बघा.

धरायचा कसा

दोन्ही हातांनी धरा. कोपरं बरगड्यांना टेकवा. पाय थोडे फाकवून उभं राहा, किंवा खांबाला, दाराच्या चौकटीला टेका. श्वास सोडा आणि बटण हळूच दाबा. झटका दिला की कॅमेरा हलतो आणि सगळे चेहरे पुसट येतात.

एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. आपण बघतो ती खिडकी वेगळी आणि फोटो काढते ती लेन्स वेगळी. त्यामुळे लेन्सवर बोट आलं तरी खिडकीतून सगळं स्वच्छच दिसतं. फोटो धुऊन आल्यावर कोपऱ्यात गुलाबी ढग दिसतो, ते आपलंच बोट. फ्लॅशवर बोट आलं तर फोटो काळा येतो. अंतर मोजायच्या खिडकीवर आलं तर धूसर येतो. म्हणून बटण दाबण्याआधी मनात म्हणा, "लेन्स मोकळी, फ्लॅश मोकळा, खिडक्या मोकळ्या." कॅमेऱ्याची दोरी मनगटात अडकवा. ती लेन्ससमोर लोंबत नाही ना, तेही बघा. पदर खोचून घ्या.

खिडकी आणि लेन्स वेगळ्या असल्यामुळे जवळच्या फोटोत डोकं कापलं जातं. खिडकीत कडेला बारीक रेघा दिसतात. माणूस जवळ असेल तर चेहरा त्या रेघांच्या आत ठेवा आणि डोक्यावर थोडी जागा सोडा.

अर्धं बटण : हीच खरी किल्ली

फोटोचं बटण दोन टप्प्यांत दाबलं जातं. हलकेच अर्धं दाबलं की कॅमेरा समोरचं अंतर मोजतो आणि खिडकीशेजारी बहुधा हिरवा दिवा लागतो. दिवा स्थिर असेल तर ठीक. लुकलुकत असेल तर तुम्ही फार जवळ आहात, मागे सरका. या कॅमेऱ्यांना साधारण दोन-तीन फूट अंतर लागतंच. दोन हातांपेक्षा जवळ जायचं नाही, असा नियम ठेवा. पासबुकाचं पान किंवा पावती जवळून काढायला गेलात तर अक्षरं धूसर येतील. त्यासाठी झेरॉक्सच बरी.

कॅमेरा अंतर मोजतो ते खिडकीच्या मधोमध असलेल्या खुणेपाशी. समजा, दोन मैत्रिणी शेजारी शेजारी उभ्या आहेत आणि खूण त्यांच्या मधल्या फटीत आली. कॅमेरा मागच्या भिंतीचं अंतर धरणार. भिंत स्पष्ट आणि दोघींचे चेहरे अंधुक! यावर उपाय सोपा आहे. मधली खूण एकीच्या अंगावर आणा. अर्धं बटण दाबा. दिवा लागला की बटण न सोडता कॅमेरा सरकवून दोघींना मध्ये घ्या आणि मग पूर्ण दाबा. बोट सुटलं तर पुन्हा पहिल्यापासून करायचं.

घरी रोल न घालता दहा वेळा अर्धं बटण दाबायचा सराव करा. त्याला पैसा लागत नाही. बोटाला एकदा ते कळलं की अर्धी विद्या आली.

एसटीच्या किंवा घराच्या काचेतून फोटो काढू नका. बऱ्याच कॅमेऱ्यांचं अंतराचं माप काचेवरच अडकतं.

झूम कधी वापरायचा

झूममुळे लांबचं जवळ दिसतं, पण त्याची किंमत मोजावी लागते. टीकडे नेलं की लेन्समधून उजेड कमी येतो, हाताचा कंप जास्त दिसतो आणि फ्लॅशची पोच घटते. म्हणून जिथे चालत जाता येतं तिथे पाय वापरा, झूम नको.

मग झूम कशासाठी? व्यासपीठावर बोलणाऱ्या ताईंचा उन्हातला फोटो, ओढ्यापलीकडचं काम, मारक्या म्हशीचा फोटो, यांसाठी. एकट्या बाईचा चेहरा काढायलाही मधला झूम बरा. अगदी जवळ जाऊन डब्ल्यूवर काढलं की नाक मोठं आणि चेहरा फुगल्यासारखा येतो. पाच-सहा फूट मागे उभ्या राहून झूम थोडा टीकडे न्या, चेहरा जसा आहे तसा येतो. घरातल्या बैठकीला मात्र डब्ल्यूच.

फ्लॅश : साडीच्या घडीने अंतर मोजा

सगळ्यात जास्त फोटो फुकट जातात ते फ्लॅशच्या गैरसमजाने. आपल्याला वाटतं फ्लॅश पेटला की सगळं घर उजळणार. तसं होत नाही. कंदील जवळ असेल तर वाचता येतं, अंगणाच्या टोकाला नेला तर अक्षर दिसत नाही. फ्लॅशही तसाच. अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा नाही, चौथा हिस्साच उरतो.

१०० चा रोल आणि झूम डब्ल्यूवर असेल तर या छोट्या फ्लॅशची पोच साधारण नऊ-दहा फूट. आपली नेहमीची गोल साडी मध्ये दुमडून जमिनीवर अंथरा, तेवढं अंतर. झूम टीकडे नेला की पोच सहा फुटांवर येते, म्हणजे साडी तीनपदरी दुमडून अंथरली तेवढी. ४०० चा रोल असेल तर ही अंतरं जवळजवळ दुप्पट होतात. पुस्तिकेत तुमच्या कॅमेऱ्याचा नेमका आकडा दिलेला असतो. तो चिठ्ठीवर लिहून कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवा.

यावरून दोन गोष्टी कळतील. एक, रात्रीच्या सभेत मंडपाच्या टोकाला बसून व्यासपीठाचा फोटो काढला तर पुढच्या बायांची डोकी पांढरीफटक आणि व्यासपीठ काळंकुट्ट येणार. पुढे जा किंवा तो फोटो सोडा. दोन, घरातल्या बैठकीत गोल करून बसलेल्या वीस जणींत जवळच्या दोघी भुतासारख्या पांढऱ्या आणि पलीकडच्या अंधारात जातात. त्याऐवजी फोटोपुरतं सगळ्यांना अर्धगोलात, कॅमेऱ्यापासून साधारण सारख्या अंतरावर बसवा. शक्य असेल तर बैठकीचा फोटो दिवसा, ओसरीवर काढा.

फ्लॅशचं बटण दाबत गेलं की पडद्यावर चिन्हं बदलतात. ती अशी ओळखा :

- काहीच न निवडता : कॅमेरा स्वतः ठरवतो. उजेड कमी असला की फ्लॅश पेटतो. बहुतेक वेळा हेच ठीक.
- डोळ्याचं चित्र : रात्री फ्लॅशने डोळे लाल येतात, ते कमी करण्यासाठी. यात आधी बारीक दिवा लागतो किंवा फ्लॅश लुकलुकतो आणि मग खरा फोटो निघतो. सगळ्यांना आधीच सांगा, "मोठा उजेड पडेपर्यंत हलायचं नाही."
- फक्त विजेचं चित्र : फ्लॅश नक्की पेटणार, ऊन असलं तरी. माणूस दारात उभा आहे आणि मागे लख्ख ऊन, किंवा दुपारी डोक्यावरच्या पदराची सावली तोंडावर, अशा वेळी हे वापरा. नाहीतर चेहरा काळा येतो. अंतर मात्र पोचीच्या आत हवं.
- विजेच्या चित्रावर काट : फ्लॅश बंद. काचेच्या तसबिरीचा, समईच्या उजेडाचा फोटो काढायला. कॅमेरा उंबऱ्यावर, डब्यावर टेकवून ठेवा, हातात धरला तर हलणारच.
- चंद्र किंवा चांदणीचं चित्र : रात्रीची रोषणाई मागे ठेवून माणसाचा फोटो. यालाही टेकू लागतो. सुरुवातीला याच्या वाटेला जाऊ नका.

एक फोटो झाल्यावर फ्लॅश पुन्हा भरायला काही सेकंद लागतात. तोवर खिडकीशेजारचा दुसरा दिवा लुकलुकतो. तो थांबेपर्यंत थांबा. फार वेळ लागायला लागला तर बॅटरी संपत आली असं समजा.

आपल्या नेहमीच्या फोटोंबद्दल

*गटाचा फोटो :* सकाळी दहाच्या आत किंवा चारनंतर काढा. सूर्य फोटो काढणारीच्या मागे किंवा बाजूला ठेवा. अगदी तोंडावर ऊन आलं तर सगळ्या डोळे बारीक करतात, म्हणून झाडाची एकसारखी सावली उत्तम. उंच बाया मागे, मुलं खाली. एकीचा डोळा मिटतोच, म्हणून महत्त्वाच्या क्षणाचे दोन फोटो काढा. इथे काटकसर करू नका.

*गाय-म्हैस :* एक फोटो बाजूने, पूर्ण जनावर आणि मालकीणबाई दोघी दिसतील असा. दुसरा डोक्याचा, कानातला बिल्ला दिसेल असा, पण तीन फुटांपेक्षा जवळून नाही. बिल्ल्याचा नंबर फोटोत वाचता येईलच असं नाही, म्हणून तो वहीतही लिहून ठेवा. फ्लॅशने जनावर बुजतं, तेव्हा उजेडात बाहेर बांधून काढा.

*काम आधी आणि नंतर :* दोन्ही फोटो एकाच जागेवरून काढा. पहिल्या वेळी उभं राहिलात तिथे दगड रोवून ठेवा. फोटोत एखादं झाड किंवा घर येऊ द्या, म्हणजे जागा तीच आहे हे पटेल. खड्डा किती खोल ते कळावं म्हणून शेजारी एखादी बाई उभी करा.

*प्रदर्शनातला स्टॉल :* नुसत्या पापड-लोणच्याच्या बरण्यांचा फोटो काढू नका. विकणारी, मोजून देणारी, पैसे घेणारी बाई दिसू द्या.

फोटोत कोण आणि कोण नाही

फोटो काढण्याआधी विचारा. आजारी लेकराचा, मारहाण झालेल्या बाईचा, कर्ज थकलेल्या सभासदाचा फोटो तिच्या मर्जीशिवाय काढायचा नाही आणि कुणाला द्यायचाही नाही. "नको" म्हणाली तर विषय संपला.

दुसरी गोष्ट. हळदीकुंकवात नवरा वारलेल्या बाया मागे मागे राहतात. फोटोच्या वेळीही त्या आपणहून बाजूला सरतात. गटात त्यांची बचत सगळ्यांइतकीच, सही सगळ्यांसारखीच. मग फोटोत जागाही बरोबरीची हवी. हाताला धरून पुढे बसवा. फोटो काढणारीचं हे काम आहे, कारण कोण मागे राहिलंय हे खिडकीतून फक्त तिलाच दिसतं.

आणि फोटो काढणारीचं काय? ती कधीच फोटोत नसते. त्यासाठी कॅमेऱ्यात सोय आहे. घड्याळासारखं चिन्ह असलेलं बटण दाबा, कॅमेरा ओट्यावर किंवा स्टुलावर पक्का ठेवा, मधली खूण कुणाच्या तरी अंगावर आहे हे बघा, फोटोचं बटण दाबा. साधारण दहा सेकंद मिळतात. चालत जाऊन बसा, पळायची गरज नाही.

"कॅमेरा हे बायकांचं काम नाही," असं कुणी म्हणालं तर होमाई व्यारावाला यांचं नाव सांगा. १९१३ साली नवसारीला जन्मलेल्या होमाई मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्या ओळखल्या जातात. १९४७ साली देश स्वतंत्र होताना दिल्लीत त्यांनी काढलेले फोटो आजही छापले जातात. त्यांचा कॅमेरा आपल्या कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी जड होता आणि त्यात आपोआप काहीच होत नव्हतं.

रोल संपल्यावर

शेवटचा फोटो झाला की मोटार आपोआप फिरते आणि फिल्म डबीत परत जाते. आवाज पूर्ण थांबेपर्यंत हात लावू नका. पडद्यावर ० आला किंवा रोलचं चित्र लुकलुकायला लागलं की सावलीत झाकण उघडा आणि डबी काढा. रोल अर्धाच झालाय पण फोटो आजच हवेत, तर गुंडाळायचं वेगळं बारीक बटण असतं. ते खोलगट असतं, बोथट काडीने दाबावं लागतं. उरलेली फिल्म मात्र वाया जाते.

डबीवर गटाचं नाव आणि तारीख लिहा आणि लवकर धुवायला द्या. दुकानदाराला सांगा, "आधी रोल धुऊन द्या, प्रिंट नंतर सांगू." निगेटिव्हच्या पट्ट्या कडेने धरून उजेडात बघा. त्यात काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं दिसतं, पण हललेला, अंधारा फोटो ओळखू येतो. चांगले तेवढेच प्रिंट करा. ३६ पैकी १५ प्रिंट केले तरी बराच पैसा वाचतो. निगेटिव्ह महासंघात जमा करा, कुणालाही देऊन टाकू नका. प्रिंट हरवला तर निगेटिव्हवरून पुन्हा निघतो. निगेटिव्ह हरवलं तर काहीच उरत नाही.

कॅमेरा जपायचा कसा

- चुलीजवळच्या फळीवर, पत्र्याखाली, एसटीच्या तापलेल्या काचेपाशी ठेवू नका. उष्णतेने रोलचे रंग बिघडतात.
- लेन्स पदराने पुसू नका. पदरात धुळीचे कण असतात, काचेवर ओरखडे पडतात. आधी हलकी फुंकर मारा. मग धुतलेल्या जुन्या मऊ सुती कापडाने, गोल फिरवत पुसा. थुंकी, पाणी, रॉकेल काहीही लावू नका.
- पावसाळ्यात लेन्सवर बुरशी धरते. कॅमेरा ओल्या पिशवीत, बंद पेटीत महिनोन्‌महिने ठेवू नका. नव्या वस्तूंच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या पांढऱ्या खड्यांची पुडी येते, ती सोबत ठेवा. मुलांच्या हाती ती पुडी लागू देऊ नका.
- बरेच दिवस वापर नसेल तर बॅटरी काढून ठेवा. काही कॅमेऱ्यांना साधे पेन्सिल सेल चालतात, काहींना तीन व्होल्टची जाड बुटकी बॅटरी लागते. ती खेड्यात मिळत नाही. कार्यक्रमाला जाताना एक जादा जवळ ठेवा.
- बिघडला तर स्क्रू उघडू नका. फ्लॅशच्या आत बॅटरी काढल्यावरही विजेचा जोरदार झटका देण्याइतका साठा राहतो.

गटासाठी नियम

प्रत्येक गटातून दोघींनी कॅमेरा शिकायचा. दोघी का? एकीच्या घरी लग्न निघालं तर गटाचं काम अडू नये म्हणून. त्यातली एक तरी अशी असावी जिला इंग्रजी येत नाही, म्हणजे बाकीच्यांना भरवसा येईल. कॅमेरा घेताना आणि देताना वहीत सही करायची : कॅमेरा, दोरी, पिशवी, बॅटरी आणि पडद्यावरचा आकडा. प्रत्येक फोटोपुढे चार रकाने भरा. नंबर, तारीख, कशाचा फोटो, कोणी काढला. महिन्याभराने रोल धुऊन आल्यावर कोणता बंधारा कोणत्या गावचा, हे वहीच सांगते.

पहिला रोल शिकण्याचा धरा. त्यातले पाच-सहा फोटो बिघडणारच. ते प्रिंट न करता निगेटिव्ह बैठकीत आणा. बोट आलं होतं, की अंतर जास्त झालं, की कॅमेरा हलला, हे सगळ्यांनी मिळून शोधा. कारण सापडलं की ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. पुढच्या गटाकडे कॅमेऱ्यासोबत ती वहीही जाईल, म्हणजे तुमच्या रोलवर झालेला खर्च त्यांच्याही उपयोगी पडेल.